पल्लवीत सवलत नसते



आज मी डी. के. पट्टम्माळ यांच्याविषयी बोलणार आहे. महाराष्ट्रात हे नाव फारसं घेतलं जात नाही. एम. एस. सुब्बुलक्ष्मी आपल्या घराघरांत पोचल्या. 'मीरा' चित्रपटाने, आकाशवाणीने आणि ध्वनिमुद्रिकांनी त्यांचा आवाज साऱ्या देशात नेला. दक्षिणेत मात्र सुब्बुलक्ष्मी, पट्टम्माळ आणि एम. एल. वसंतकुमारी ही तीन नावं एका दमात घेतात आणि त्यांना स्त्रियांची त्रयी म्हणतात. पट्टम्माळ यांचा जन्म 19 मार्च 1919चा, कांचीपुरमचा. निधन 16 जुलै 2009चं, चेन्नईतलं. नव्वद वर्षांच्या या आयुष्याची ओळख बहुतेक वेळा एकाच वाक्यात करून दिली जाते: जाहीर मैफलीत गाणारी पहिली ब्राह्मण स्त्री. दक्षिणेत हे वाक्य वर्षानुवर्षं सांगितलं जातं, आणि त्या काळाकडे पाहता त्याचं मोल मोठंही आहे. पण त्यात गाणं कुठे आहे? त्या बाईंनी व्यासपीठावर बसून गायलं काय, कसं गायलं, आणि त्या गाण्यामुळे ऐकणाऱ्यांची कोणती समजूत मोडली, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. आज माझं म्हणणं एवढंच आहे की पट्टम्माळ यांचं थोरपण पहिलेपणात शोधू नये, त्यांनी निवडलेल्या गाण्यात शोधावं. त्यासाठी मी तीन गोष्टी क्रमाने मांडणार आहे: पल्लवी, रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितांच्या कृती आणि तमिळ कवी सुब्रह्मण्य भारतींची गीतं. त्यानंतर माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येऊ शकतात, त्यांना उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पट्टम्माळ यांच्या आई कांतिमती, घरातलं नाव राजम्माळ, गुणी गायिका होत्या. पण सनातनी घराच्या रिवाजाप्रमाणे त्यांना नातेवाइकांपुढेसुद्धा गाण्याची मोकळीक नव्हती. वडील दामल कृष्णस्वामी दीक्षितर यांनी मुलीला श्लोक आणि भजनं शिकवली. गुरुगृही राहून शिकणं तिच्या वाट्याला आलं नाही. सुरुवातीचं शिक्षण झालं ते कानांनी. कांचीपुरममध्ये तेव्हा नयना पिळ्ळै हे लयीवरच्या प्रभुत्वासाठी नावाजलेले गायक होते. त्यांच्या मैफली ऐकायच्या, ऐकलेलं घरी येऊन भावंडांच्या मदतीने स्वरलिपीत उतरवायचं, असा तो क्रम होता. शाळेच्या मुख्याध्यापिका अम्मुकुट्टी अम्माळ यांनी वडिलांचं मन वळवलं, ध्वनिमुद्रिका निघाली, दहा-अकराव्या वर्षी मद्रासच्या नभोवाणीवर गाणं झालं, आणि 1932 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मद्रासच्या रसिक रंजनी सभेत पहिली जाहीर मैफल झाली. आईला आप्तांपुढे गाता येत नव्हतं आणि मुलगी तिकीट काढून आलेल्यांपुढे गायली. एका पिढीत पडलेलं हे अंतर लहान नाही. पण एवढ्यावर थांबलो, तर आपण पुन्हा त्याच एका वाक्यापाशी येऊन थांबतो.

त्या काळी स्त्रीच्या गाण्याकडून अपेक्षा काय होती? दक्षिणेत स्त्रिया गात नव्हत्या असं मुळीच नाही. देवदासी घराण्यांतल्या स्त्रियांकडे पिढ्यान्पिढ्यांची विद्या होती. वीणा धनम्माळ यांच्या घरी मोठमोठे विद्वान केवळ ऐकण्यासाठी जात. बंगळूर नागरत्नम्मा यांनी तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीचं स्मारक स्वतःच्या कमाईतून उभं केलं. पण नव्याने उभ्या राहिलेल्या शहरी सभांच्या व्यासपीठावर एक अलिखित वाटणी होती. स्त्रियांनी पदं, जावळ्या, आटोपशीर कृती आणि भक्तिगीतं गावीत. मैफलीचा सर्वांत अवघड आणि सर्वांत मानाचा भाग, म्हणजे रागम-तानम-पल्लवी, तो पुरुषांचा. कारण काय दिलं जाई? स्त्रीचा गळा गोड असतो, पण तिला लय नसते, हिशेब नसतो. ही समजूत इतकी पक्की होती की पालघाट मणी अय्यर यांच्यासारखा युगप्रवर्तक मृदंगवादकही स्त्रियांना साथ करत नसे. मद्रासची म्यूझिक अकादमी 1928 साली सुरू झाली, आणि तिच्या 'संगीत कलानिधी' या सर्वोच्च मानापर्यंत पहिली स्त्री, म्हणजे सुब्बुलक्ष्मी, पोचायला 1968 साल उजाडलं. पट्टम्माळ यांना तो मान 1970 साली मिळाला. एवढी वर्षं का लागावीत? गोडवा तर पहिल्या दिवसापासून सर्वांना मान्य होता. मान्य नव्हती ती बुद्धी.

आता पहिला मुद्दा, पल्लवीचा. आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी तिची घडण थोडी सावकाश सांगतो, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे. आधी रागाची सविस्तर आलापना. मग तानम, म्हणजे ताल न धरता, पण मध्य लयीच्या स्पष्ट स्पंदनात केलेला रागविस्तार. आणि मग पल्लवी: एका ओळीचा मजकूर, तालाच्या एका आवर्तनात बसवलेला. ती ओळ ठरलेल्या जागीच सुटली पाहिजे, तिच्या मध्यावरचा विसावा ठरलेल्या जागीच पडला पाहिजे. बहुधा ही सुरुवात समेवर नसते, टाळीनंतर पाव किंवा अर्धी मात्रा सोडून असते. आता हात आदितालाच्या आठ मात्रा मोजतो आहे असं समजा: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, आणि त्यापुढे दोन वेळा टाळी आणि उलटा पंजा. हाताची ही गती जराही बदलू न देता तीच ओळ आधी निम्म्या गतीने गायची, म्हणजे ती दोन आवर्तनं व्यापते. मग मूळ गतीने. मग दुपटीने, म्हणजे एका आवर्तनात दोनदा येते. पुढे मात्रेचे चाराऐवजी तीन भाग करून तीच ओळ तिस्र गतीत बसवायची. उलट बाजूने, ओळ तशीच ठेवून हाताचा वेगही बदलता येतो. दर वेळी सुटण्याची जागा नव्याने हिशेबात आणावी लागते, आणि हे सगळं रागाचं रूप न मोडता. यानंतर त्याच ओळीचं नेरवल, म्हणजे शब्द त्यांच्या जागी ठेवून स्वरांचा विस्तार, आणि शेवटी कल्पनास्वर, म्हणजे सरगमचा उत्स्फूर्त विस्तार, जे पुन्हा नेमके त्याच जागी येऊन मिळाले पाहिजेत.

यात आपण एक गोष्ट नीट पाहायला हवी. कर्नाटक मैफलीत गायक स्वतः हाताने ताल धरतो, सर्वांना दिसेल असा. समोर बसलेले श्रोतेही मांडीवर ताल धरतात. म्हणजे पल्लवी चालू असताना ती बरोबर आहे की चूक, याची तपासणी सभागृहात एकाच वेळी शेकडो हात करत असतात. आवाज चांगला की बरा, भाव पोचला की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. तिथे 'बाईमाणसाच्या मानाने छान' असं म्हणायला वाव असतो. पल्लवीत तो वाव नाही. ओळ जागेवर आली किंवा नाही आली. तिथे सवलत मागता येत नाही आणि कोणाला देताही येत नाही. पट्टम्माळ यांनी व्यासपीठावर नेमका हाच प्रकार हाती घेतला. त्यासाठी विद्याला नरसिंहलू नायुडू यांच्याकडून त्यांनी अवघड पल्लव्या शिकून घेतल्या. अप्पादुरै आचारी यांच्याकडून तिरुप्पुगळ घेतलं. अरुणगिरिनाथांच्या या काव्यातले छंद लयीच्या दृष्टीने भल्याभल्यांची परीक्षा पाहतात. सभांच्या मैफलीत रागम-तानम-पल्लवी गाणारी पहिली स्त्री म्हणून दक्षिणेत त्यांचंच नाव घेतात, आणि 'पल्लवी पट्टम्माळ' हे नाव रसिकांनीच रूढ केलं. स्त्रियांना साथ न करण्याचा नियम मणी अय्यर यांनी पहिल्यांदा मोडला तोही पट्टम्माळ यांच्यासाठी. पुढे दोन्ही घरांत सोयरीकही झाली. त्यावरून कोणी म्हणेल की हा नात्याचा भाग होता. पण मृदंगमच्या कोरवैला, म्हणजे हिशेबाने जागेवर येणाऱ्या लयरचनेला, नातं कळत नाही. मणी अय्यर यांच्यासमोर तिहाईशी तिहाई जुळवत बसायचं, तर त्या तोलाचा लयीचा अभ्यास हवा, आणि तो होता म्हणूनच ती साथ शोभली.

दुसरा मुद्दा मुत्तुस्वामी दीक्षितांच्या कृतींचा. हिशेबात पक्की असलेली व्यक्ती गाण्यात रुक्ष होते, असं आपल्याकडेही बोललं जातं. पट्टम्माळ यांच्या बाबतीत ही शंका खोटी ठरते ती दीक्षितांच्या कृतींमुळे. दीक्षित 1775 साली तिरुवारूरला जन्मले आणि 1835 साली एट्टयपुरमला वारले. मधली काही वर्षं काशीत राहिल्याने उत्तरेच्या धृपदाची विलंबित चाल त्यांच्या रचनांत उतरली. त्यांनी द्विजावंतीत बांधलेली कृती ऐकताना आपल्या कानाला जयजयवंती भेटते. तंजावरच्या मराठी दरबाराशीही हा धागा जोडलेला आहे: सरफोजीराजांच्या दरबाराची शान असलेले तंजावरचे चार बंधू दीक्षितांचेच शिष्य. या रचनांची भाषा प्रामुख्याने संस्कृत, समासांनी भरलेली, आणि गती संथ. 'त्यागराज योगवैभवम्' या आनंदभैरवीतल्या कृतीत पहिल्या ओळीतला शब्दसमूह पुढून एकेक तुकडा गाळत जातो, दर वेळी उरलेल्या भागाला अर्थ असतो, आणि शेवटी एकच अक्षर उरतं. चरणात तोच खेळ उलट, लहानाकडून मोठ्याकडे. अशी रचना गाताना शब्द चुकीच्या जागी तोडला की अर्थ जातो, आणि घाई केली की राग जातो.

या कृती पट्टम्माळ यांनी मिळवल्या कुठून? अंबी दीक्षितर यांच्याकडून. 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा महाग्रंथ 1904 साली छापणाऱ्या सुब्बराम दीक्षितरांचे ते पुत्र, म्हणजे मुत्तुस्वामी दीक्षितांच्याच घराण्यातले. 1936 साली अंबी दीक्षितर गेले तेव्हा पट्टम्माळ सतरा वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्याच परंपरेत शिकलेले न्यायमूर्ती टी. एल. वेंकटराम अय्यर यांच्याकडून त्यांनी पुढचं शिक्षण घेतलं. दीक्षितांच्या कृतींचे पाठ त्या काळी पुष्कळ ठिकाणी ढिले झाले होते. सोयीने गती वाढवली जाई, गमक गाळलं जाई. पट्टम्माळ यांनी घराण्यातून आलेला पाठ त्याच्या मूळ संथ गतीत व्यासपीठावर ठेवला आणि ध्वनिमुद्रिकांतही जपला. म्हणजे त्या नुसत्या गात नव्हत्या, एका परंपरेचा प्रमाण पाठ सांभाळत होत्या. हे काम परंपरेने कोणाकडे सोपवलं जात होतं, याचा विचार करा. पाठ सांगण्याचा अधिकार हा गोड गाण्याच्या परवानगीपेक्षा फार मोठा अधिकार आहे, आणि पट्टम्माळ यांनी तो अभ्यासाने मिळवला.

तिसरा मुद्दा सुब्रह्मण्य भारतींचा. एक विलक्षण योग पाहा: ज्या एट्टयपुरमला दीक्षितांनी देह ठेवला, त्याच गावी 1882 साली भारती जन्मले. पट्टम्माळ यांच्या गाण्याची दोन टोकं एकाच गावात आहेत. एक टोक संस्कृत स्तोत्राचं, देवळाच्या गाभाऱ्यातलं. दुसरं तमिळ देशगीताचं, रस्त्यावरच्या माणसाचं. पट्टम्माळ यांनी भारतींची गीतं मैफलीत गायली, ध्वनिमुद्रिकांत गायली, चित्रपटांत गायली. के. सुब्रह्मण्यम यांच्या 1939च्या 'त्यागभूमी' चित्रपटात त्यांनी देशसेवेचं आवाहन करणारं गीत गायलं. त्या चित्रपटावर पुढे ब्रिटिश सरकारने बंदी घातली. 1947च्या आरंभी आलेल्या 'नाम इरुवर'मध्ये त्यांनी स्वातंत्र्य मिळाल्याचा आनंद गाणारं भारतींचं गीत गायलं, आणि तेव्हा स्वातंत्र्य यायला काही महिने बाकी होते. त्याच वर्षी ऑगस्टच्या त्या मध्यरात्री मद्रास आकाशवाणीवरही पट्टम्माळ यांचाच आवाज होता. चित्रपटात त्यांनी गायली ती देशभक्तीची आणि भक्तीची गीतं, शृंगारगीतं नाकारली. हा नकार काहींना सोवळेपणाचा वाटतो. मला त्यात शिस्त दिसते. आपला आवाज कशासाठी वापरला जावा, हे ज्या काळी स्त्री गायिकेला फारसं कोणी विचारत नव्हतं, त्या काळी त्यांनी ते स्वतः ठरवलं आणि पैशाच्या मोहापुढे बदललं नाही. पल्लवीनंतर त्याच बैठकीत भारतींचं गीत आलं की विद्वान आणि सामान्य श्रोता यांच्यामधलं अंतर कमी होई. विद्वत्ता सामान्यांपासून तुटलेली असावीच लागते, हा समजही त्यांनी गाऊन खोडून काढला.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. असं म्हटलं जातं की पट्टम्माळ यांना व्यासपीठ मिळालं ते त्यांच्या जातीमुळे. मद्रासमध्ये देवदासी प्रथेविरुद्धची चळवळ जोरात होती, 1947 साली कायदा झाला, आणि त्या लाटेत पिढीजात कलावंत स्त्रियांची प्रतिष्ठाही वाहून गेली. त्यांनी जपलेली कला मग उच्चवर्णीय घरांतल्या मुलींनी 'सोज्ज्वळ' म्हणून उचलली. मग पट्टम्माळ यांचा गौरव म्हणजे या अन्यायावर घातलेलं पांघरूण नव्हे का? या आक्षेपातला इतिहास खरा आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. उलट मी तो आणखी पुढे नेतो. ज्या नयना पिळ्ळै यांना ऐकून पट्टम्माळ यांचे कान तयार झाले, ते कांचीपुरमच्या धनकोटी अम्माळ यांचे भाचे. त्यांची आई कामाक्षी आणि मावशी धनकोटी या दोघी भगिनी नामवंत गायिका होत्या, आणि भाच्याची विद्या मावशीकडूनही आलेली होती. म्हणजे 'स्त्रीला लय नसते' म्हणणारा समाज ज्या पुरुषाच्या लयीला दाद देत होता, त्याची विद्या स्त्रियांच्या घरातली होती. तिरुवैयारूच्या त्यागराज आराधना उत्सवात स्त्रियांना गाण्याचा हक्क मिळावा म्हणून झगडल्या त्या नागरत्नम्मा, देवदासी परंपरेतल्याच. तेव्हा पट्टम्माळ यांच्या यशात या स्त्रियांचा वाटा आहे, आणि तो मोजून सांगितलाच पाहिजे. पण जातीने फार तर व्यासपीठापर्यंतचा रस्ता सोपा केला असेल. तिस्र गतीत पल्लवीची ओळ जागेवर आणून ठेवायला जात उपयोगी पडत नाही. आणि याच कारणाने 'पहिली ब्राह्मण स्त्री' ही ओळख मला अपुरी वाटते: ती जातीला पुढे करते आणि विद्येला मागे ढकलते. पट्टम्माळ यांना पल्लवीने ओळखलं, तर धनकोटी अम्माळ आणि वीणा धनम्माळ आपोआप त्याच चर्चेत येतात. जातीने ओळखलं, तर त्या बाहेर राहतात.

दुसरा आक्षेप आधुनिक विचारांचा आहे. कोणी विचारेल, पट्टम्माळ यांनी पुरुषांनी ठरवलेली कसोटीच मान्य केली ना? गणित म्हणजे श्रेष्ठ, गोडवा म्हणजे दुय्यम, ही प्रतवारी त्यांनी मोडली कुठे? प्रश्न रास्त आहे. पण लयीचं शास्त्र पुरुषांनी निर्माण केलं आणि ते त्यांच्या मालकीचं आहे, हे गृहीत धरल्याशिवाय हा आक्षेप उभाच राहत नाही, आणि ते गृहीतक आत्ताच पाहिल्याप्रमाणे चुकीचं आहे. लय ही रागाइतकीच संगीताची सामाईक मालमत्ता आहे. तिच्यावर कुंपण घातलं गेलं होतं. पट्टम्माळ यांनी ते नाकारलं. शिवाय त्या पल्लवीपुरत्या थांबल्या असत्या, तर आक्षेपात तथ्य असतं. एकाच बैठकीत संथ कृती, पल्लवी आणि देशगीत या तिन्हींना सारख्याच निष्ठेने वागवणारी गायिका प्रतवारी मान्य करत नाही, ती संगीत अखंड मानते. त्यांचे धाकटे बंधू डी. के. जयरामन वर्षानुवर्षं बहिणीच्या मागे बसून सहगायन करत होते आणि पुढे 1990 साली स्वतः संगीत कलानिधी झाले. एका पुरुषाने बहिणीच्या मागे बसून ही विद्या आत्मसात करावी, यापेक्षा जुन्या वाटणीला अधिक थेट उत्तर कोणतं असेल?

आणि महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनी या सगळ्याचा विचार का करावा? कारण हा प्रश्न आपलाही आहे. गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण बोलतो काय? त्यांचे कष्ट, त्यांचा मानी स्वभाव, त्यांनी सोसलेली उपेक्षा. मोगूबाईंची लयीवरची हुकमत किती खोल होती, अल्लादियाखाँसाहेबांकडून आलेल्या अनवट रागांची मांडणी त्या कशी करत, यावर किती लिहिलं गेलं? हिराबाई बडोदेकरांनी जाहीर मैफलीला प्रतिष्ठा दिली हे प्रत्येक लेखात असतं. त्यांच्या किराणा गायकीतल्या स्वरलगावाचं विश्लेषण क्वचितच असतं. स्त्री कलावंताचं चरित्र सांगायचं आणि पुरुष कलावंताचं शास्त्र सांगायचं, ही सवय आपल्याकडेही पुरती मुरलेली आहे.

रसिकहो, आज चेन्नईच्या मार्गळी महिन्यातल्या संगीत हंगामात तरुण गायिका रागम-तानम-पल्लवी गातात तेव्हा कोणाला नवल वाटत नाही. पट्टम्माळ यांच्या नात नित्यश्री महादेवन याही नामवंत गायिका आहेत. नवल न वाटणं ही पट्टम्माळ यांची खरी कमाई. 1971चं पद्मभूषण आणि 1998चं पद्मविभूषण त्यानंतर येतात. ज्या कलावंताने आयुष्यभर सवलत मागितली नाही, त्याच्याविषयी बोलताना आपणही सवलतीची भाषा सोडली पाहिजे. म्हणून माझी मागणी साधी आहे. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी आणि तुम्हा-आम्हा ऐकणाऱ्यांनी प्रत्येक गायिकेविषयी तोच पहिला प्रश्न विचारावा, जो आपण प्रत्येक गायकाविषयी विचारतो: विद्या कोणाकडून घेतली, तिच्यात भर काय घातली, आणि ती पुढे कोणाला दिली? या प्रश्नाचं उत्तर पट्टम्माळ यांच्याकडे भरभरून आहे. ते ऐकण्यासाठी त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, आणि त्यातली एखादी पल्लवी हाताने ताल धरून ऐकली, तर माझं म्हणणं खरं की खोटं हे तुमचं तुम्हालाच तपासता येईल.